समुद्रकांठचे परदेशी पाहुणे

भाद्रपद सरत येतो तेव्हां कोंकणचा समुद्र अजून पुरता निवळलेला नसतो व वारा तोंडावर वाळू मारीत असतो. अशा दिवसांत अलिबागजवळील आक्षीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं पक्ष्यांचे थवे चरतांना दिसतात. चिखल्या, टिलवा, तुतारी, कोरल हीं त्यांचीं नांवें. चिखल्यांच्या कांहीं जाती हिमालयापलीकडील पठारांवरून येतात. टिलवा तर जेमतेम चिमणीएवढा, पण तो सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून येतो.

इतके पक्षी एकाच चिखलांत न भांडतां कसे चरतात? त्यांच्या चोंची पाहाव्या, म्हणजे उलगडा होतो. चिखल्याची चोंच आंखूड. तो धांवतो, थबकतो व डोळ्यांनीं हेरलेला किडा टिपतो. तुतारी थोडें खोल शोधते. कोरलीची लांब वांकडी चोंच खेंकड्याच्या बिळांत शिरते. निर्मात्यानें प्रत्येकास त्याचा वांटा असा नेमून दिला आहे.

या लांबच्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगांतील चरबी. सन २०२२ च्या ऑक्टोबरांत गॉडविट नांवाच्या याच वर्गांतील पक्ष्याचें अवघें ५ महिन्यांचें पिलूं अलास्काहून निघालें आणि वाटेंत कोठेंही न उतरतां सुमारें १३,५६० किलोमीटर उडून ११ दिवसांनीं टास्मानियास पोंचलें. त्याच्या पाठीवर बसविलेल्या लहानशा यंत्रामुळें हें कळलें. निघण्यापूर्वीं या पक्ष्यांच्या अंगीं भरपूर चरबी सांठते व ओझें हलकें व्हावें म्हणून पचनाचीं इंद्रियें आक्रसतात.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. खडा मारून थवा उडविणें हा आपणांस खेळ वाटतो. परंतु थकून आलेल्या पक्ष्याची उरलीसुरली शिदोरी त्यांत खर्चते. ओहोटीचे थोडे तासच त्याचें ताट वाढलेलें असतें. तेवढ्यांत त्यास उठविणें म्हणजे पाहुण्यास भरल्या ताटावरून उठविणें होय.

पक्षी पाहण्यासाठीं कोंकणांतील जुना आडाखा उपयोगीं पडतो: तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीचा सुमारें तास निघतो, चतुर्थीस ३, अष्टमीस ६. त्याच्या दोन तास आधीं जाऊन एका जागीं स्वस्थ बसावें. पाणी चढूं लागलें म्हणजे पक्षी आपण होऊन जवळ सरकतात व वाऱ्याकडे तोंड करून विसांवतात. पालकांनीं मुलांस अवश्य न्यावें. कुत्रा मात्र घरीं ठेवावा.