माणिकनगर : गादीभोवती वसलेलं गाव

बीदर जिल्ह्यातली बहुतेक खेडी पाणवठा नाहीतर गढी धरून वाढली. हुमनाबादला लागून असलेलं माणिकनगर वसलं ते एका गादीभोवती. ही दत्ताची गादी संत श्रीमाणिकप्रभूंची. त्यांचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीतला. पुढे गुरुगंगा आणि विरजा यांच्या संगमावर ते स्थिरावले आणि त्यांच्या मागोमाग माणसं येऊन राहिली.

राज्य निजामाचं. घरात मराठी नाहीतर कानडी, बाजारात दखनी. प्रभूंनी यातली कुठलीच बोली परकी मानली नाही. पदं मराठीत रचली, कानडीत रचली, हिंदुस्थानीतही रचली. कुणाचाही मार्ग खोटा नाही, हे त्यांच्या सकलमत संप्रदायाचं सार. दत्ताच्या या गादीपुढे मुसलमान भक्तही येऊन बसत.

१८६५ साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला प्रभूंनी समाधी घेतली. दत्तजयंती तोंडावर आलेली, यात्रेकरू जमलेले. परंपरा सांगते की पौर्णिमेचा उत्सव पार पडेपर्यंत ही वार्ता बाहेर जाऊ दिली नाही. पंगती उठत राहिल्या, भजनं चालू राहिली. आलेल्या माणसाचं आधी, आपलं दुःख नंतर, हा या गावाचा स्वभाव मला इथे दिसतो. आजही एकादशीला प्रभूंची पुण्यतिथी आणि पौर्णिमेला दत्तजयंती पाठोपाठ साजरी होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा फुटला : उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात आणि हुमनाबाद म्हैसुरात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. सोयरिकी तुटल्या नाहीत, सणही तुटले नाहीत. दत्तजयंतीनंतर पंधरा दिवसांनी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येते, तेव्हा निलंगा काय आणि हुमनाबाद काय, गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची खोप, आत पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, डोक्यावरून आणलेलं आंबिलाचं बिंदगं, भज्जी आणि बाजरीचे उंडे. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात.

बदललं ते कागदावर आणि शाळेत. पहाणीचा उतारा कानडी, बसची पाटी कानडी, पुष्कळ मुलांची पुस्तकं कानडी. राज्य कानडी म्हटल्यावर ते ओघानेच आलं. पण घराघरातली मराठी पातळ होत चालली आहे. आजी मराठीत विचारते, नातू कानडीत उत्तर देतो. दोघांचं एकमेकांशी बोलताना अडत नाही, तरी मला याची खंत वाटते. कानडीवर राग नाही. प्रभूंच्या गावात तो धरताही येणार नाही. पण त्यांची मराठी पदं नुसती पाठ म्हणणारी आणि त्यांचा अर्थ न लागणारी पिढी इथे तयार होऊ नये. उत्सवाच्या दिवसांत जाणत्यांनी मुलांना जवळ बसवून ती पदं समजावून सांगावीत, मराठी घरातल्या मुलांना आणि कानडी घरातल्यांनाही.