टेस्ला कॉइलचा 'स्पार्क गॅप' लालबुंद का होतो? उत्तर जालन्याच्या भट्टीत सापडतं

जालना एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांमध्ये भंगार वितळवून त्यापासून बांधकामाच्या सळया तयार होतात. इंडक्शन भट्टीतलं पोलाद साधारण 1600 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. या भट्टीभोवतीची कॉइल मात्र तांब्याची असते आणि तांबं 1085 अंशांनाच वितळतं. मग कॉइल शाबूत कशी राहते?

मधे उष्णता अडवणारं अस्तर असतंच. शिवाय ही कॉइल म्हणजे पोकळ नळी असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरत असतं. आलेली उष्णता साठण्याआधीच बाहेर नेली जाते.

रील्स बघून घरी टेस्ला कॉइल बनवणारे अनेक जण इथेच चुकतात. जांभळ्या विजा सगळ्यांना दिसतात, पण त्यामागे तापणारा 'रोटरी स्पार्क गॅप' कुणी दाखवत नाही.

दोघांचं नातं काय?

टेस्ला कॉइल 1891 ची, निकोला टेस्ला यांची. तिच्यात आणि इंडक्शन भट्टीत कॉइल आणि कॅपॅसिटर ही जोडी समान आहे. अमेरिकेत एडविन नॉर्थरप यांनी 1916 च्या सुमारास बनवलेल्या सुरुवातीच्या भट्ट्या तर स्पार्क गॅपवरच चालायच्या. आज भट्टीत ते काम थायरिस्टरसारखे इलेक्ट्रॉनिक स्विच करतात.

रोटरी स्पार्क गॅप म्हणजे काय?

थोडक्यात, ठिणगीचा स्विच. कॅपॅसिटर भरला की दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी उडते आणि सर्किट जोडलं जातं. रोटरी प्रकारात काही इलेक्ट्रोड मोटरवर फिरणाऱ्या चकतीवर बसवलेले असतात. ते स्थिर इलेक्ट्रोडजवळ आले की ठिणगी पडते, पुढे सरकले की तुटते. 1912 मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवरचा 5 किलोवॅटचा मार्कोनी वायरलेस संचही याच तत्त्वावर चालायचा.

तापलं तर काय बिघडतं?

ठिणगी वेळेवर पडणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती वेळेवर विझणंही. इलेक्ट्रोड लाल झाला की मधली हवा गरम आणि विद्युतभारित राहते. मग ठिणगी लवकर पडते आणि विझायला उशीर करते. कॅपॅसिटर पुरता भरत नाही, वरच्या विजा आखूड होतात आणि वाचलेली ऊर्जा पुन्हा गॅपमध्येच जळते. म्हणजे तापल्यामुळे आणखी तापणं सुरू होतं.

सर्वात जास्त कोण तापतं?

अनेकांना वाटतं, फिरणारे इलेक्ट्रोड. पण हिशोब बघा. चकतीवर 8 इलेक्ट्रोड असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठव्या हिश्शाच्या ठिणग्या येतात आणि फिरताना वाराही मिळतो. स्थिर इलेक्ट्रोडला मात्र प्रत्येक ठिणगी झेलावी लागते. म्हणून थंड करण्याची पहिली गरज त्याला असते.

टंगस्टन लावलं की झालं?

नाही. टंगस्टन 3422 अंशांपर्यंत वितळत नाही, हे खरं. पण ते तांब्याच्या निम्म्यापेक्षाही कमी वेगाने उष्णता वाहून नेतं. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट तर तांब्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून टोक टंगस्टनचं ठेवायचं, तेही थोडंसंच बाहेर काढून. आणि ते तांब्याच्या किंवा पितळेच्या जाड ठोकळ्यात घट्ट बसवायचं. ठोकळ्याला पंख्याची हवा लागली पाहिजे. टोक उष्णता सहन करतं, ठोकळा ती बाहेर नेतो.

टिग वेल्डिंगच्या टंगस्टन कांड्या यासाठी वापरल्या जातात. मात्र लाल टोकाच्या कांड्यांमध्ये थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. त्या घासताना उडणारी धूळ श्वासात जाता कामा नये. लँथनम असलेल्या कांड्या हा चांगला पर्याय आहे.

खरा धोका कुठे आहे?

चकतीत. 20 सेंटिमीटर व्यासाची चकती मिनिटाला 3000 फेरे मारत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे 113 किलोमीटर होतो. तिथे बसवलेला 10 ग्रॅमचा इलेक्ट्रोड जवळपास 10 किलो वजनाइतक्या ओढीने बाहेर खेचला जातो. चकती अ‍ॅक्रेलिकची असेल, तर ती 100 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. मग इलेक्ट्रोड सैल होऊन गोळीसारखा सुटू शकतो. म्हणून चकतीसाठी काच-इपॉक्सीचा पत्रा बरा. तरीही भोवती मजबूत धातूचं कवच हवंच, हवा आत-बाहेर जाण्यापुरती जागा ठेवून. पूर्ण बंद डब्यात उष्णता कोंडते. ठिणगीमुळे ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही तयार होतात, त्यामुळे खोलीही हवेशीर असावी. ठिणगीकडे थेट टक लावून पाहू नये, तिच्यातून अतिनील किरण निघतात.

शिवाय, गॅप किती तापलाय हे बघायला वीज बंद करून लगेच हात घालणं जिवावर बेतू शकतं. मोटर थांबली तरी कॅपॅसिटरमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात. उच्च दाबाच्या विजेवर काम करणारी जाणकार व्यक्ती सोबत नसेल, तर हा प्रयोग घरी करूच नये.