चित्र व चलचित्र लहान कसे होते आणि शिक्षकाने त्यात काय राखावे

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या गावात ज्या घरी एकच मोबाइल असतो, त्या घरी तो दिवसा बहुधा मिळवत्या माणसाबरोबर होडीवर किंवा बागेत जातो आणि मुलाच्या हाती संध्याकाळीच पडतो. शिक्षकाने मोठ्या कष्टाने दहा मिनिटांचा पाठ चित्रित करून पाठवावा आणि तो उतरवून घेताच त्या घराचा दिवसाचा डेटा संपावा, असे झाले तर पाठाचा उपयोग काय? उलटपक्षी, फाइल इतकी लहान केली की फळ्यावरची अक्षरेच लागत नाहीत, तर डेटा वाचला पण पाठ हरवला. २०२० साली शाळा बंद असताना हा प्रश्न राज्यातील सर्वच शिक्षकांपुढे आला. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली व मंडणगड तालुक्यांत वीज व मोबाइलचे जाळे त्यानंतर अनेक दिवस विस्कळीत राहिले. तो प्रसंग सरला असला, तरी मोबाइलवरून पाठ व चित्रे पाठविण्याचा प्रघात राहिला आहे. म्हणून चित्र लहान होते म्हणजे नेमके काय होते, याची स्थूल कल्पना प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

१. चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

मोबाइलने घेतलेले चित्र हा वस्तुतः चौकटीच्या कागदासारखा एक तक्ता असतो. त्यातील प्रत्येक घरास चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. प्रत्येक घरात लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण दाखविणारे तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकड्यास एक बाइट जागा लागते. चित्र ४००० घरे रुंद व ३००० घरे उंच असेल, तर एकंदर १ कोटी २० लाख घरे होतात व त्यांस ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी जागा लागते.

चलचित्रात अशी चित्रे एकामागून एक येतात. १९२० बाय १०८० घरांचे एक चित्र ६२ लाख बाइटांहून अधिक जागा घेते. सेकंदाला २५ चित्रे धरल्यास दहा मिनिटांच्या पाठास सुमारे ९३ जीबी जागा लागेल. प्रत्यक्षात मोबाइलमध्ये तो पाठ साधारण एक जीबीच्या आसपास भरतो. याचा अर्थ, शिक्षकाने काही करण्यापूर्वीच यंत्राने तो कितीतरी पटींनी लहान केलेला असतो. या क्रियेस संपीडन म्हणतात.

२. काहीही न गमावता लहान करणे

संपीडनाचा पहिला मार्ग पुनरुक्ती टाळण्याचा. हा मार्ग वर्गात करून दाखविता येतो. पाटीवर आठ बाय आठ घरांचा चौकोन आखावा. वरची पूर्ण ओळ काळी करावी व खालच्या सात ओळींत उजवीकडून दुसरे घर काळे करावे. शिरोरेषा व काना असे चित्र दिसेल. आता एका मुलाने हे चित्र, ते न पाहणाऱ्या दुसऱ्या मुलास शब्दांनी सांगावे. चौसष्ट वेळा ‘काळे’, ‘पांढरे’ म्हणण्याऐवजी हुशार मूल सांगेल: ‘काळी आठ. मग पांढरी सहा, काळे एक, पांढरे एक. ही ओळ सात वेळा.’ दुसऱ्या मुलाचे चित्र हुबेहूब तेच येते. सांगणे आटोपशीर झाले, पण हरवले काहीच नाही.

यानंतर त्याच चौकोनावर तांदळाचे दाणे टाकून, जेथे दाणा पडेल ते घर काळे करावे व हे चित्र सांगावयास लावावे. सांगणे फारसे आखूड होत नाही, असे मुलांच्या ध्यानी येईल. जेथे नियम आहे तेथेच संक्षेप आहे. जेथे नियम नाही तेथे संक्षेप नाही.

याच मार्गातील दुसरी युक्ती डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. जे चिन्ह वारंवार येते त्यास आखूड खूण द्यावी व जे क्वचित येते त्यास लांब, हे तिचे तत्त्व. तारायंत्राच्या मोर्स लिपीतही इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या अक्षरास केवळ एक टिंब दिलेले होते. पीएनजी प्रकारची चित्रफाइल या मार्गाने तयार होते. नकाशा, आकृती, तक्ता यांस ती योग्य होय.

३. डोळ्यास न दिसणारे टाकून देणे

छायाचित्रास पहिला मार्ग पुरत नाही. कारण छायाचित्रात शेजारची दोन घरे जवळजवळ सारखी असली, तरी तंतोतंत सारखी क्वचितच असतात. येथे दुसरा मार्ग येतो: डोळ्यास ज्याची उणीव भासत नाही ते टाकून देणे.

मनुष्याचा डोळा उजेड व अंधार यांतील बारीक भेद उत्तम टिपतो, परंतु रंगातील बारीक भेद तितके टिपत नाही. म्हणून यंत्र प्रथम प्रत्येक घराचा उजळपणा व रंग वेगळे करते. उजळपणा प्रत्येक घराचा स्वतंत्र ठेवते, पण रंगाची माहिती शेजारच्या चार घरांत मिळून एकच ठेवते. चार घरांस पूर्वी बारा आकडे लागत. आता उजळपणाचे चार व रंगाचे दोन, असे सहाच लागतात. येथेच निम्मा भार उतरला.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची. चित्राचे आठ बाय आठ घरांचे तुकडे करतात. बुरोंडीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास समुद्र कसा दिसतो, ते आठवावे. एक भरतीची सावकाश पातळी, तीवर मोठ्या लाटा, लाटांवर लहान लाटा आणि सर्वांवर वाऱ्याने उठलेले बारीक तरंग. दुरून पाहणाऱ्यास भरती व मोठ्या लाटा दिसतात. तरंग दिसत नाहीत. त्याचप्रमाणे तुकड्यातील ६४ आकड्यांचे रूपांतर दुसऱ्या ६४ आकड्यांत करतात. पहिला आकडा तुकड्याचा सरासरी उजळपणा सांगतो. पुढचे आकडे सावकाश बदल सांगतात. शेवटचे अतिबारीक बदल सांगतात. नंतर हे आकडे ठोकळमानाने लिहितात आणि बारीक बदलांचे पुष्कळसे आकडे शून्य होऊन जातात. शून्यांची लांब रांग कशी आखूड सांगावी, हे तर पाटीवरच्या खेळात दिसलेच आहे.

या रूपांतरास डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते शोधणारे नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बेंगळूर येथे झाला. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी या कामासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले; ते मिळाले नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ साली मान्य झालेल्या जेपेग पद्धतीचा पाया हेच रूपांतर होय. सर्वसाधारण मोबाइलमधील छायाचित्र आजही बहुधा याच पद्धतीने साठविले जाते.

४. चलचित्रातील युक्ती: फरक तेवढा सांगणे

चलचित्रातील लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग तोच असतो. शिक्षक फळ्यावर लिहीत असता फळा, भिंत व खिडकी हलत नाहीत. हलतो तो हात. म्हणून यंत्र अधूनमधून एक चित्र पूर्ण साठविते व मधल्या चित्रांत केवळ फरक नोंदविते. होडी डावीकडे सरकली, तर होडी पुन्हा रंगवीत नाही. ‘मागील चित्रातील हा तुकडा तीन घरे डावीकडे’ एवढेच लिहिते. जाळे कमजोर झाले की कधी चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते. फरकाची काही माहिती वाटेत गळालेली असते, आणि पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत ते सावरत नाही.

ही पद्धत उत्तरोत्तर सुधारत गेली. एच. २६१ ही १९८८ साली, एच. २६४ ही २००३ साली व एच. २६५ ही २०१३ साली आली. तोच दर्जा राखून एच. २६५ ला एच. २६४ च्या सुमारे निम्मीच जागा पुरते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमधून किंवा ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या दीक्षा मंचावरून जे पाठ खेड्यापाड्यांत पोहोचतात, ते अशा पद्धतींमुळेच पोहोचू शकतात.

५. यंत्रास अक्षर कळत नाही

येथवर यंत्राची थोरवी झाली. आता त्याची मर्यादा. टाकलेले पुन्हा मिळत नाही. आणि काय टाकावे हे यंत्र डोळ्याच्या सर्वसाधारण सवयीवरून ठरविते, पाठाच्या हेतूवरून नव्हे. बुरोंडीच्या परशुराम पुतळ्याचे छायाचित्र पुष्कळ लहान केले, तरी पुतळा ओळखू येतो व मागचे आकाश निळेच राहते. पाठ्यपुस्तकाच्या पानाचे तसे नाही. अक्षराची कड ही अतिबारीक बदलांनी बनलेली असते, आणि नेमके तेच आकडे प्रथम शून्य होतात. अनुस्वाराचे टिंब पुसट झाले की ‘गंज’चा ‘गज’ होतो. दशांशचिन्ह गेले की २.५ चे २५ होतात. यंत्राच्या दृष्टीने ही हानी नगण्य. मुलाच्या दृष्टीने उत्तरच चुकले. त्यातून मूल आपल्या चुकीचा दोष चित्रास देत नाही, स्वतःच्या बुद्धीस देते.

६. शिक्षकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

(अ) चित्रण करताना मोबाइल हातात न धरता स्थिर ठेवावा. हात हलला की सारेच चित्र हलते व फरक वाढतो. मागे हलणारी झाडे किंवा लाटा नसाव्यात. साधी भिंत उत्तम.

(आ) उजेड भरपूर असावा. अंधारात घेतलेल्या चित्रात बारीक कण उमटतात. ते तांदळाच्या दाण्यांसारखे, नियमाविना असतात व फाइल फुगवितात.

(इ) पाठ ६४० बाय ३६० घरांचा व सेकंदाला ५ लाख बिट या मानाने केल्यास दहा मिनिटांस सुमारे ३८ एमबी लागतात. मात्र त्या मापात फळ्यावरील अक्षर मोठे व ओळी थोड्या असाव्यात.

(ई) आवाजात काटकसर करू नये. चित्राच्या मानाने त्यास फार थोडी जागा लागते, आणि चित्र अंधुक असले तरी स्पष्ट ऐकू येणारा पाठ समजतो.

(उ) पान, तक्ता किंवा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठविल्यास तो वाटेत पुन्हा लहान केला जातो.

(ऊ) मूळ फाइल शाळेत जपून ठेवावी व प्रत्येक वेळी तिच्यावरूनच लहान प्रत करावी. प्रतीवरून प्रत काढल्यास दर खेपेस काही ना काही गळते.

(ए) पाठविण्यापूर्वी ती फाइल शाळेतील सर्वांत लहान पडद्याच्या मोबाइलवर उघडावी व फळ्यावरील सर्वांत लहान अक्षर वाचून पाहावे. ते वाचता आले, तर फाइल पाठविण्यास योग्य आहे. न आल्यास आणखी थोडी जागा खर्च करणे हीच खरी काटकसर.

फाइल किती लहान करता येईल, हे यंत्र सांगू शकते. किती लहान करावी, हे मात्र संध्याकाळी होडीवरून परतलेल्या फोनची वाट पाहणाऱ्या मुलास डोळ्यांपुढे ठेवून शिक्षकानेच ठरवावयाचे आहे.