अक्षांशांवरून अंतर, अंतरावरून वेळ

नॉर्वे देशातील ट्रॉम्सो शहर सुमारे ६९.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्याच देशाच्या स्वालबार बेटांवरील लाँगयरब्येन हे गाव सुमारे ७८.२ अक्षांशावर वसले आहे. दोहोंच्या रेखांशांत फरक थोडा असल्यामुळे विमानाचा मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर जातो. अक्षांशांतील फरक साडेआठ अंश. एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे एकूण अंतर सुमारे ९५० किलोमीटर.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे सव्वा तासात संपावयास हवे. परंतु चढताना व उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीवरही वेळ जातो. त्यामुळे प्रवासास दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो.

१९७५ साली लाँगयरब्येनचा विमानतळ सुरू होण्यापूर्वी समुद्र गोठला की बोटी बंद पडत आणि हिवाळ्यात गावाचा बाहेरील जगाशी संबंध जवळजवळ तुटे. या दीड तासाचे मोल त्यावरून ध्यानात यावे.

सपाट नकाशांत ध्रुवाजवळचे प्रदेश बहुधा ताणलेले दिसतात. म्हणून शिक्षकांनी हे अंतर पट्टीने न मोजविता पृथ्वीगोलावर दोरा धरून मोजवून घ्यावे आणि उत्तर वरील गुणाकाराशी ताडून पाहावे.