विश्लेषण : सिंधुदुर्गच्या कड्यांवर स्पोर्ट क्लाइंबिंग किती सुरक्षित?

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली स्पोर्ट क्लाइंबिंगचा समावेश झाला आणि शहरांतील कृत्रिम भिंतींवर शिकलेली मुले खरे कडे शोधू लागली. सिंधुदुर्गात एका बाजूला समुद्र, तर दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची उभी धार आहे. तरीही इथे कर्नाटकातील बदामीसारखे नावाजलेले केंद्र नाही. असे का आणि इथल्या आडवाटेच्या कड्यांवर जाताना काय पाहावे?

स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणजे काय?

पारंपरिक प्रस्तरारोहणात आरोहक खडकाच्या भेगांत साधने अडकवत किंवा मेखा ठोकत वर जातो. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये खडकाला भोके पाडून बोल्ट आधीच बसवलेले असतात. आरोहक त्यांत दोर अडकवत चढतो आणि खाली उभा असलेला साथीदार तो दोर सांभाळतो. पडणे इथे गृहीतच असते. म्हणजे सारा भरवसा बोल्टवर आणि तो धरून ठेवणाऱ्या खडकावर.

मग खडक कसा आहे?

बदामीचा वालुकाश्म कलादगी खडकसमूहातला. त्याच समूहाचे खडक सिंधुदुर्गातही अधूनमधून उघडे पडलेले दिसतात. मात्र किनारपट्टीच्या सड्यांवर राज्य आहे ते जांभ्याचे. घरासाठी चिरे काढायला तो उत्तम, पण सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने बोल्टसाठी भरवशाचा नाही. घाटमाथ्याच्या कड्यांत बेसॉल्ट आहे, पण त्याचेही थर सुटतात. म्हणूनच इथले अनेक आरोहक आंबोली घाट चढून बेळगावमार्गे बदामी गाठतात.

मनसंतोषगडाची वाट कशी तुटली?

कुडाळ तालुक्यातील शिवापूर आणि सावंतवाडी तालुक्यातील शिरशिंगे या गावांतून मनोहर-मनसंतोष या जोडकिल्ल्याकडे जाता येते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात हा गड लढला आणि १८४५ च्या प्रारंभी इंग्रजांनी तो घेतला. मनोहरगडावर पायी जाता येते. मनसंतोषगडाची वाट मात्र तुटलेली असून माथा गाठायला प्रस्तरारोहण करावे लागते. अशा ठिकाणी आधीच्या चमूंनी सोडलेल्या मेखा किंवा बोल्ट दिसले, की हायसे वाटते. खरी परीक्षा तिथेच असते. ते कुणी, कधी आणि कोणत्या धातूचे बसवले, हे वरून कळत नाही.

धातू गंजला तर दिसत नाही का?

साधे पोलाद गंजलेले दिसते. स्टेनलेस स्टील अधिक फसवे. खारी, दमट आणि उष्ण हवा तसेच बोल्टवरचा ताण एकत्र आले, की धातूला आतून सूक्ष्म तडे जातात. चांगला बोल्ट सुमारे अडीच टनांचा भार पेलतो. तडे गेलेला मात्र वरून चकचकीत दिसूनही माणसाच्या वजनानेच तुटू शकतो. थायलंडच्या रेले किनाऱ्यावर हा अनुभव आल्यानंतर रसायनाने चिकटवलेले टायटॅनियमचे बोल्ट बसवण्यात आले. मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्राकाठच्या कातळावर उद्या कुणी मार्ग तयार करणार असेल, तर सुरुवात याच धड्यापासून करायला हवी.

जाण्यापूर्वी काय करावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळाच्या वाट्याला जाऊ नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तर कोकणात दगडांच्या सांदीत फुरसे सापडते. त्यामुळे पकड घेण्याआधी नजर टाकावी आणि मोहोळ दिसल्यास मार्ग सोडावा. वनक्षेत्रात वन विभागाची परवानगी घ्यावी. संरक्षित किल्ल्यावर भोके पाडणे हा गुन्हा आहे. साहसी उपक्रम चालवणाऱ्या संस्थांसाठी राज्याचे २०२१ चे धोरण आहे. शुल्क भरून जाणाऱ्यांनी संस्थेची नोंदणी आणि प्रशिक्षकांचा अनुभव विचारून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायथ्याच्या गावात किती जण, कुठून चढणार आणि कधी परतणार हे सांगून जावे. शहरातील भिंतीखाली जाड गादी असते आणि रुग्णवाहिका हाकेवर. इथे जखमीला झोळीतून रस्त्यापर्यंत आणायलाच काही तास जातात आणि पहिला हात लागतो तो गावकऱ्यांचाच. त्यामुळे जुन्या बोल्टबद्दल शंका आली, तर स्वतःची साधने लावावीत. ती लावता येत नसतील, तर मनोहरगड पाहून परतावे.