नातवंडांची गाडी

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या तेल्हारा भागात दोन गोष्टींची घाई उडते. शेतात कापसाची वेचणी आणि घरी लेकी-नातवंडांची वाट पाहणे. कापसाचे पैसे हाती पडले, म्हणजे ओसरीवर गाडीची गोष्ट निघते. पोरगा म्हणतो, ट्रॅक्टर घ्या. आजी म्हणते, आधी घराचे काम काढा. आणि आजोबा हळूच म्हणतात, "लेकरायले अकोल्याच्या टेसनावरून आनाले एक मोठी गाडी पाह्यजे."

आमच्या भाऊजींनीही असाच बेत केला. त्यांना तीन नातवंडे. थोरला नऊ वर्षांचा, मधली चार वर्षांची आणि धाकटे आठ महिन्यांचे. भाऊजींनी एक जुनी गाडी पाहून ठेवली होती आणि मला नुसते 'हो' म्हणण्यासाठी बोलावले होते. म्हणाले, "मास्तर, आठ जन बसतात त्याच्यात. अजून काय पाह्यजे?"

मी विचारले, "भाऊजी, आठ जण बसतात हे खरे. पण पट्टे किती आहेत?"

आज आपल्याला जे बोलायचे आहे ते या एका प्रश्नाबद्दल. कुटुंबाची गाडी घेताना किती माणसे मावतात हे मोजायचे, की किती माणसांना नीट पट्टा लागतो हे मोजायचे?

आपल्याला माणसे मोजण्याची सवय का लागली, तेही पाहू. १९९४ साली टाटांची सुमो आली. टाटांच्या मोटार कारखान्याचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावातील अक्षरे घेऊन हे नाव ठेवले होते. मागे समोरासमोर दोन आडवी बाके. त्यामुळे घरची दहा माणसे सहज बसत, आणि काळी-पिवळी झाली की किती बसत ते विचारूच नका! लग्नाची वरात, बाजारहाट, दवाखाना, शेगावची वारी, सगळे अशाच गाड्यांनी केले. त्यांचे उपकार आपण विसरू नये. पण अशा आडव्या बाकावर लहान मुलाची सुरक्षित खुर्ची, जिला चाइल्ड सीट म्हणतात, ती बसवता येत नाही. ती खुर्ची गाडीच्या तोंडाच्या किंवा पाठीच्या दिशेनेच बसवायची असते. बाजूला तोंड करून बसवायची नसते.

भाऊजींचा यावर आक्षेप होता. "आमी त बंडीत वाढलो. कुटारावर गोधडी टाकली का झालं. कोनी बांधलं होतं आमाले?"

आक्षेप बरोबर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. बैल चालतो तासाला सुमारे चार किलोमीटर. गाडी साध्या रस्त्यावरही चाळीसने जाते. वेग झाला दहापट. पण आपटण्यात जी शक्ती असते, ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे दहापट नव्हे, शंभरपट! चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली, तर आतल्या मोकळ्या माणसाचे आपटणे हे सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली माडीवरून पडण्यासारखे असते. साठच्या वेगाला तीच उंची चौदा मीटर होते. बंडीतून पडलेले पोर धूळ झटकून उठत असे. इथे तो हिशेब चालत नाही.

"मांडीवर घट्ट धरले म्हणजे झाले," असे आपण म्हणतो. दहा किलोचे लेकरू घ्या. चाळीसच्या वेगातली गाडी टकरीमुळे सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ते लेकरू आईच्या हातांतून एक क्विंटलाहून अधिक वजनाच्या जोराने पुढे ओढले जाते. तुरीचे क्विंटलभराचे पोते कोणी ध्यानीमनी नसताना हातांत झेलून दाखवावे! मायेला वजन कळत नाही हे खरे, पण हाडांना कळते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही वारीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन परत येत होतो. दिवस मावळला होता. गाडी मी चालवत होतो. शेजारी ताई, आणि तिच्या मांडीवर तिचा थोरला नातू, तेव्हा तीन वर्षांचा. तुरीच्या शेतातून एक रोही एकदम रस्त्यावर आला. मी करकचून ब्रेक दाबला. रोही निघून गेला, गाडीला ओरखडाही आला नाही. टक्कर झालीच नाही. तरी पोराचे कपाळ समोरच्या फळीवर आपटले आणि तीन टाके पडले. ताईने त्याला सोडले नव्हते. तिचे दोन्ही हात त्याच्या पोटाभोवतीच होते. भुवईवरचा तो वण आजही दिसतो, आणि माझी नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

आता लहान मुलांना वेगळी खुर्ची का लागते ते पाहू. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. मोठ्या माणसाचे सातव्या-आठव्या हिश्शाएवढे. एवढे जड डोके आणि मान मात्र कोवळी. म्हणून तान्ह्याची खुर्ची गाडीच्या पाठीकडे तोंड करून बसवतात. धक्का बसला तर तो मानेवर न येता साऱ्या पाठीवर पसरतो. निदान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि खुर्चीत मावत असेल तर त्याहून अधिक काळ, मूल असेच बसवावे. त्यानंतर पुढे तोंड करून, दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांच्या खुर्चीत. आणि चार वर्षांच्या सुमारास, ती खुर्ची अपुरी पडू लागली, की उंच बैठक, तिला बूस्टर म्हणतात. तिच्यामुळे मोठ्यांचा पट्टा मुलाच्या पोटावर न येता मांडीच्या हाडावर येतो, आणि मानेवर न घासता खांद्यावर बसतो. मूल सुमारे १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत ही बैठक लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अशा खुर्च्यांमुळे अपघातात मुलांचे मृत्यू साठ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. मागे बसणाऱ्यांना पट्ट्याची गरज नाही, हा समज मात्र अजून गेलेला नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी भारी किमतीची होती. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. कायदाही आता स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालखुर्चीविना गाडीत नेल्यास एक हजार रुपये दंड आहे.

मग गाडी निवडावी कशी? भाऊजींना मी सांगितले तेच आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट, आधी खुर्च्या घ्या, मग गाडी. खुर्ची घेताना तिच्यावर मानकाची चिठ्ठी आहे का ते पाहा. जुनी खुर्ची घ्यायची, तर ती कधी अपघातात सापडलेली नाही याची खात्री असल्याशिवाय घेऊ नका. त्या खुर्च्या बरोबर घेऊन दुकानात जा आणि तिथेच बसवून पाहा. विक्रेता हसला तर हसू द्या.

दुसरी गोष्ट, रुंदी मोजा. एक चाइल्ड सीट साधारण एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. तीन खुर्च्या ओळीने हव्या असतील तर मधल्या बाकाची रुंदी तीन हातांहून थोडी जास्तच हवी, कारण पट्ट्याच्या कुलपात हात जायलाही जागा लागते. पुष्कळ गाड्यांत दोन खुर्च्या बसवल्या की मधे वीतभरच जागा उरते. तिथे मोठे माणूस बसत नाही, लेकराची खुर्ची तर नाहीच.

तिसरी गोष्ट, खुर्ची कशाने धरली जाते ते बघा. नव्या गाड्यांत गादी आणि पाठ यांच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात. तिला आयसोफिक्स म्हणतात. खुर्ची तिथे खटकन अडकते. पण या कड्या बहुधा मधल्या रांगेत दोन्ही दारांकडच्या जागांनाच असतात. म्हणून गाडी सात जणांची असली, तरी कड्या किती जागांना आहेत ते बोट घालून पाहा. कड्या नसतील, तर पट्ट्याने बांधायची खुर्ची मिळते. मात्र पट्टा तीन टोकांचा हवा.

चौथी गोष्ट, मागच्या रांगेची वाट. तिसऱ्या रांगेत जायला मधले आसन पुढे दुमडावे लागते. त्यावर खुर्ची बांधलेली असली तर ते दुमडता येत नाही. म्हणजे मागची रांग असून नसल्यासारखी! मधल्या रांगेत दोन सुटी आसने आणि मधे वाट अशी रचना असेल, तर ही अडचण येत नाही. पण एक जागा कमी होते.

पाचवी गोष्ट, सामान. तिसरी रांग उघडली, की मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा राहते. गॅसची टाकी बसवलेली असेल तर तीही जाते. फराळाचा पितळी डबा नातवंडांच्या डोक्यामागे मोकळा ठेवू नका. धक्क्यात तोही उडतो.

आणखी दोन गोष्टी. समोरच्या आसनापुढे हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग चालू असेल, तर उलट्या तोंडाची तान्ह्याची खुर्ची तिथे कधीही ठेवू नये. पिशवी जोरात फुगते आणि खुर्चीवरच आदळते. आणि गाडीला किती तारे मिळाले ते विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्‌कॅप ही चाचणी सुरू झाली. तीत मोठ्यांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुण असतात, आणि तारे वेगवेगळे मिळतात. आजोबांनी मुलांचे तारे विचारावेत. ही चाचणी सक्तीची नसल्याने प्रत्येक गाडीची झालेली असतेच असे नाही. जुनी गाडी घेत असाल, तर प्रत्येक पट्टा हिसका देऊन ओढा. जागच्या जागी अडकला तर ठीक. सैल येत राहिला तर तो पट्टा नव्हे, नुसती नाडी आहे.

आपल्या वऱ्हाडच्या उन्हाचेही भान ठेवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. "दोन मिनिटांत येतो" म्हणून लेकराला आत ठेवून दुकानात शिरू नका. आणि खुर्चीचे लोखंडी कुलूप मुलाला लावण्याआधी स्वतःच्या हाताला लावून पाहा.

मोठी गाडी घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते, हे मला ठाऊक आहे. भाड्याच्या गाडीतही मुलाला समोर मांडीवर न घेता मागे, पट्ट्याच्या जागी बसवता येते. मोटारसायकलवर तर जास्तच जपायला हवे. केंद्र सरकारने २०२२ साली काढलेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट हवे, आणि वेग चाळीसच्या आत हवा.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल वर्गात आणा. त्याच्या पाठीवर ओल्या मातीची बाहुली ठेवा आणि उतरत्या फळीवरून सोडून विटेवर आदळू द्या. बैल थांबतो, बाहुली पुढे जाते. न्यूटनचा पहिला नियम मुलांना फळ्यावर लिहून द्यावाच लागणार नाही. मग बाहुलीला बारीक दोऱ्याने बांधा. दोरा मातीत रुततो. शेवटी रुंद फितीने बांधा. पट्टा रुंद का, आणि तो पोटावर नव्हे तर हाडांवर का हवा, हे मुले आपणच सांगतील. आणि घरी गेल्यावर आजोबांनाही सांगतील!

भाऊजींचे पुढे काय झाले? अकोल्याला आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिलीत आठ जागा होत्या, पण दोन खुर्च्या बसवल्यावर मागची वाटच बंद झाली. दुसरीत मधे दोन सुटी आसने होती. तान्हे एकीकडे, चार वर्षांची दुसरीकडे. मागे थोरला बूस्टरवर आणि त्याच्याशेजारी त्याची आई. समोर भाऊजी आणि गुडघे धरलेली ताई. बरोबर सहा.

भाऊजींचा जीव मात्र सातव्या जागेत अडकला होता. "अन् जवाईबापू आले त? त्यायले यष्टीनं आनाचं काय?"

ताई इतका वेळ गप्प होती. थोरल्याच्या भुवईवरून तिने बोट फिरवले आणि म्हणाली, "येतील यष्टीनं. सहाचीच घ्या. म्या एक डाव लेकरू मांडीवर घेऊन पाह्यलं."

गाडी सहाची घेतली. श्रोतेहो, आपणही गाडी पाहायला जाल, तेव्हा आधी घरातली माणसे मोजा, मग गाडीतले पट्टे मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच रंग कोणता घ्यायचा ते बोला.