संयुक्त लंबकाचा आवर्तकाल
क्षैतिज अक्षाभोवती गुरुत्वाकर्षणामुळे झुलणाऱ्या दृढ पदार्थास संयुक्त लंबक म्हणतात. भाईंदरच्या खाडीपलीकडील वसई मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकली. तेथून आणून नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली घंटा झुलवल्यास तीही संयुक्त लंबकच ठरेल. लहान दोलनांसाठी अक्षाभोवतीच्या निरूढी परिबलास वस्तुमान, गुरुत्वीय प्रवेग आणि अक्षापासून गुरुत्वमध्याचे अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. भागाकाराच्या वर्गमूळाची ६.२८ पट म्हणजे आवर्तकाल. निरूढी परिबलही वस्तुमानाच्या प्रमाणात असल्याने घंटा कोणत्या धातूची, याने फरक पडत नाही. गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर हीच लंबकाची लांबी मानणे ही नेहमीची चूक होय. टोकाशी टांगलेल्या १ मीटर लांबीच्या एकसमान सळईसाठी तसे केल्यास १.४२ सेकंद येतात. प्रत्यक्ष आवर्तकाल १.६४ सेकंद असतो.